घोड्याच्या हाडाची सुई

दूध करपलं तेव्हा पपा शेगडीपासून दोन हातांवर बसून पेपर वाचत होता.

मी पुढे दुकानात होते, सिन्योरा निवेसला मोर्तादेल्ला सॉसेजचे काप करून देत होते. करपल्याचा वास मागच्या पडद्याखालून आला आणि थेट माझ्या डोळ्यांत गेला. यंत्र थांबवून मी आत धावले. पातेल्यातून काळा धूर निघत होता आणि पपा फुटबॉलचं पान उलटत होता. मी गॅस बंद केला तशी त्यानं मान वर केली, धूर पाहिला आणि मग नाक मुरडलं. आधी पाहिलं, मग मुरडलं.

मी आत्ता उठणारच होतो, असं म्हणाला तो.

मी खिडकी उघडली आणि पातेलं पाण्यात बुडवलं. परत येऊन निवेसच्या मोर्तादेल्लाचे उरलेले काप केले. ते जाड झाले. निवेस सत्तर वर्षांची आहे आणि त्यांपैकी पन्नास वर्षं तिनं आमच्या दुकानात तक्रार करण्यात घालवली आहेत. त्या दिवशी मात्र ती काही बोलली नाही. पुडकं उचलून गेली.

तो फेब्रुवारी होता. जानेवारीत पपाला दोन आठवडे ताप होता. ताप उतरला, खोकला गेला, भूक परत आली. सगळं परत आलं असं आम्ही समजलो होतो.

आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं, तर वाईट वाटून घेतलं असतं आणि दूध नीट लक्ष देऊन तापवलं असतं. पण माझा पपा म्हणजे एर्मेस. इटलीतल्या आमच्या पार्मा गावातून पार्मा नावाचीच नदी वाहते. तिच्या अलीकडे श्रीमंतांची देवळं आणि नाट्यगृहं आहेत. पलीकडे आम्ही आहोत, आणि आमच्याकडे एर्मेसचं नाक होतं. लोक डॉक्टरकडे जाऊन जीभ दाखवतात, तसे पपाकडे येऊन पिशवी उघडत. हे चीज पाहुण्यांपुढे ठेवू का? ही बाटली आंबली का? तळघरात ओल आहे की उंदीर मेला आहे? एकदा तर चार घरं सोडून गळणारा गॅस त्यानं दुकानाच्या दारातून ओळखला होता. त्या घरची म्हातारी दर नाताळला त्याला बदामाची वडी पाठवते. तो ती खात नाही, पण दरवर्षी वाट बघतो.

आणि त्याच्याकडे सुई होती.

घोड्याच्या पायात एक बारीक हाड असतं. ते तासून, घासून वीतभर लांब, टोकाला अणकुचीदार अशी सुई करतात. रंग जुन्या पियानोच्या पट्ट्यांसारखा, पिवळसर. डुकराची खारवलेली मांडी दोन-दोन वर्षं वाऱ्यावर वाळते, तेव्हा तिच्या पोटात काय चाललंय हे वरून कुणालाच कळत नाही. ते या सुईला कळतं. मांडीत ठरलेल्या पाच जागी सुई खुपसायची, काढायची, नाकाखालून न्यायची. हे हाड वास पटकन धरतं आणि तितक्याच पटकन सोडतं. डोळ्याची पापणी लवायच्या आत जे कळायचं ते कळलं पाहिजे. म्हणून जाणता माणूस सुई नाकाखाली धरून ठेवत नाही. व्हायोलिनवरून गज फिरावा तशी ती जाते.

ही सुई आजोबांची. त्यांनी ती पपाला तो पंचवीस वर्षांचा असताना दिली. तेव्हापासून ती कातडी म्यानात, पपाच्या छातीवरच्या खिशात.

मी ती तीनदा मागितली होती. विसाव्या वर्षी मागितली तेव्हा तो म्हणाला, बायका अत्तर लावतात, त्यांचं नाक बिघडतं. मी अत्तर सोडलं. तिसाव्या वर्षी मागितली तेव्हा म्हणाला, अजून मी मेलो नाही. चाळिसाव्या वर्षी मागितली तेव्हा त्यानं ऐकलंच नाही असं केलं आणि ऑलिव्हचं पिंप ढवळत बसला. आज मी सेहेचाळीस वर्षांची आहे आणि सव्वीस वर्षं अत्तराचा थेंब अंगाला लागू दिलेला नाही. लग्नातसुद्धा नाही. नवरा टिकला नाही, नाक टिकलं.

तर दूध करपलं त्या दिवसापासून मी पपाच्या हाताकडे बघू लागले.

तो आता सुई नाकाखाली धरून ठेवायचा. डोळे मिटायचा, भुवया चढवायचा, मान जराशी तिरकी करायचा. मनात तीनपर्यंत मोजलं तरी सुई तिथेच. मग सावकाश म्हणायचा, छान आहे. गिऱ्हाईक भारावून जायचं. इतकं मन लावून हुंगताना त्यांनी एर्मेसला कधी पाहिलं नव्हतं. मला मात्र ठाऊक असायचं की इतक्या वेळात त्या हाडात काहीच उरलेलं नसतं.

एके दिवशी निवेस कागदात गुंडाळलेलं लोणी घेऊन आली. बघ रे एर्मेस, खवट झालंय का, म्हणाली. पपानं कागद उलगडला, डोळे मिटले, भुवया चढवल्या. ताजं आहे, म्हणाला. निवेसनं त्याच्याकडे पाहिलं, मग लोण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिनं ते पुन्हा गुंडाळलं आणि दोन्ही हातांत धरून, झोपलेलं मूल न्यावं तशी बाहेर घेऊन गेली. लोण्याचा वास माझ्यापर्यंत आला होता. ते खवट होतं.

माझ्या आईचं नाव आर्जिया. ती वरच्या डोंगरांतली, लांगिरानो गावाकडची. शुक्रवारी ती दुकानामागच्या खोलीत ताजा पास्ता करते, आणि लाटताना तिच्या गावाकडची गाणी गुणगुणते. पिठाची चादर इतकी पातळ लाटते की उचलून खिडकीसमोर धरली तर समोरचं घर दिसावं.

पोळी लाटते पातळ, उजेडाला मी धरते,
पलीकडे माहेराचा डोंगर मी ग पाहते.

एप्रिलच्या अशा एका शुक्रवारी तिनं चादर उजेडाला धरली आणि तिच्याआडूनच मला विचारलं, तुला कधी कळलं?

मी म्हटलं, दूध करपलं तेव्हा. आणि तुला?

त्याच्याही आधी, म्हणाली. तापातून उठला त्या आठवड्यात तो तिच्याजवळ येऊन म्हणाला होता, आज छान साबण लावलास गं. आणि त्या दिवशी पाइप फुटला म्हणून तिनं आंघोळच केली नव्हती.

आम्ही दोघी हसलो. मग मम्मानं चादर खाली ठेवली आणि तिचे डोळे पाण्यानं भरले, ते तिनं पिठाच्याच हातानं पुसले. म्हणजे दोन-तीन महिने ती माझ्यापासून लपवत होती आणि मी तिच्यापासून. तेव्हा मला उमगलं की सकाळी कॉफी उतू यायला लागली की ती “कॉफी झाली” असं का ओरडते. जवळजवळ पन्नास वर्षांत तिला कधी पपाला हाक मारावी लागली नव्हती. कॉफीच मारायची.

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवायला हवं. तिनं गुपचूप विचारलं होतं. डॉक्टर म्हणाला, येईल किंवा येणार नाही. मग आपण पपाशी बोलूया, मी म्हटलं. मम्मा कितीतरी वेळ पिठाच्या कडा दुमडत राहिली.

“आपण बोललो, म्हणजे त्याला कळलंय हे आपल्याला कळलंय, असं होईल,” ती म्हणाली. “मग तो या घरात कुठं बसेल?”



पण मे महिना तर येणारच होता. मे महिन्यात पपा डोंगरात जातो आणि ओरेस्तेच्या कोठारातून दुकानासाठी वर्षाच्या बारा मांड्या निवडून आणतो. एकटा जातो. त्या बारांतली पहिली मांडी तेवीस जूनला, सान जोव्हान्नी या संताच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी फोडतात. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेबलं लागतात. पालेभाजी आणि ताजं चीज भरलेले पास्त्याचे चौकोन, तोर्तेल्ली, लोण्यात न्हाऊन येतात, आणि अंगावर दव पडेपर्यंत कुणी उठत नाही. मांडी टेबलावर आली की पपा सगळ्यांदेखत सुई घालतो आणि म्हणतो, कापा. एवढा एकच शब्द. एखादी मांडी हाडापाशी नासकी निघाली तर ते साठ माणसांच्या ताटात निघणार होतं.

तू बरोबर जा, मम्मा म्हणाली. मग म्हणाली, आणि तुझा एप्रन देऊन जा, उसवलाय तो. माझ्या मते तो उसवलेला नव्हता. पण दिला.

पपाला पटवायला दोन आठवडे लागले. गुडघ्याचं निमित्त केलं, गाडीच्या क्लचचं केलं. शेवटी म्हटलं, सुई काढल्यावर भोक बुजवायला कुणी नको का? हे काम लहानपणी तो आजोबांमागून करायचा. सुई निघाली की त्या भोकावर अंगठ्यानं चरबी दाबायची, नाहीतर हवा आत शिरते. तो कुरकुरला, पण येऊ नको असं म्हणाला नाही.

निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अकेशिया फुललेला, पांढरे घोस खाली लोंबत होते. पपानं काच खाली केली, डोळे मिटून छाती भरून घेतली.

काय सुगंध, म्हणाला.

बाजूच्या शेतात नुकतंच शेणखत पसरलं होतं. मला ठसका येत होता. मी म्हटलं, हो.

ओरेस्ते कोठाराच्या दारातच उभा होता. तो आणि पपा एका वयाचे, एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. तू अजून जिवंत आहेस का, म्हणाला. तुझ्या मांड्या संपेपर्यंत मरणार नाही, पपा म्हणाला. मला पाहून ओरेस्तेच्या भुवया वर गेल्या. 

कोठार लांबच लांब आहे. दोन्ही बाजूंना उंच, अरुंद खिडक्या आहेत. समुद्राकडचा वारा डोंगर चढून येतो आणि एका खिडकीनं शिरून दुसरीनं जातो. लाकडी चौकटींवर रांगेनं मांड्या टांगलेल्या. ओरेस्तेनं वीस बाजूला काढल्या होत्या.

पपानं म्यानातून सुई काढली. पहिली मांडी. सुई आत, सुई बाहेर, नाकाखाली. डोळे मिटले. मी मनात मोजलं, एक, दोन, तीन, चार. ओरेस्तेनं माझ्याकडे पाहिलं आणि मग तो आपल्या बुटांकडे बघू लागला. बुटांत बघण्यासारखं काही नव्हतं.

छान आहे, पपा म्हणाला.

मी पुढे होऊन भोकावर चरबी दाबली. तेवढ्या वाकण्यात आतला श्वास माझ्या नाकापर्यंत आला. खरंच छान होती. दुसरीही होती, तिसरीही. सुटकेनं माझा जीव भांड्यात पडू लागला होता.

चौथ्या मांडीच्या हाडापाशी मी अंगठा नेला आणि मला आंबट वास आला. फार नाही, पण पहिल्यांदा फार नसतोच.

छान आहे, पपा म्हणाला. ओरेस्तेनं आमच्या दुकानाची लाल दोरी बांधायला हात पुढे केला.

 बोलले तर पपाचं नाक त्याच्या सगळ्यांत जुन्या मित्रासमोर कापलं जाणार. गप्प बसले तर जूनमध्ये साठ माणसांसमोर. मी म्हटलं, ही नको. हिचा घोटा वाकडा आहे, माझ्या यंत्रावर नीट बसणार नाही.

पपानं वळून माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत मी कुठल्याही मांडीच्या घोट्याबद्दल तक्रार केली नव्हती.  ओरेस्तेनं दोरी मागे घेतली.

पाचवी, सहावी, सातवी, आठवी चांगल्या निघाल्या. नववी खराब नव्हती, पण मुकी होती. चरबी दाबताना तिच्यातून काहीच आलं नाही, रिकाम्या घरात हाक मारल्यासारखं. ही पण राहू दे, मी म्हटलं, हिला चरबी जास्त आहे, सिन्योरा निवेस माझं डोकं खाईल.

पपानं दहावीत सुई घातली आणि काढली. ती नाकाजवळ नेलीच नाही. हातात धरून उभा राहिला. खिडकीतून वारा येत होता, टांगलेल्या मांड्या जराशा हलत होत्या.

“वेलिया,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “चौथीचा घोटा वाकडा नव्हता.”

“नव्हता.”

“काय होतं?”

“हाडाजवळ आंबट. भिजलेल्या तबेल्यासारखं.”

“आणि नववी?”

“मुकी आहे. चरबीपण खरंच जास्त आहे.”

ओरेस्ते चौथ्या मांडीपाशी गेला, आपली सुई काढून त्यानं हाडापाशी घातली, आणि ती मांडी चौकटीवरून उतरवून खाली ठेवली. त्याचे कान लाल झाले होते. कोणाकोणाची लाज त्याच्या कानांत जमली होती कोण जाणे.

पपानं सुई बाहीला पुसली. मग ओरेस्तेला म्हणाला, सकाळपासून माझं मनगट दुखतंय. उरलेल्या हिला बघू दे.

मनगट जपायला हवं आपल्या वयात, ओरेस्ते म्हणाला, आणि पलीकडच्या खिडकीची कडी बसते की नाही ते बघायला निघून गेला.

सुई माझ्या हातात आली तेव्हा ती पपाच्या मुठीनं गरम झालेली होती. सव्वीस वर्षं मी तिचं वजन मनात तोलत आले होते, आणि तिला वजनच नव्हतं. मी दहावीत घातली, काढली, नाकाखाली आणली.  डोळे आपसूक मिटले.

“एवढा वेळ नाही,” पपा एकदम खेकसला. “वास तुझ्यासाठी थांबून राहतो का? आला की सोड.”

आणि मग स्वतःच गप्प झाला. आपण काय बोललो ते त्यालाच ऐकू आलं असावं. मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. पुन्हा सुई घातली. या खेपेला ती गजासारखी गेली, आणि वास आला, लख्ख, आणि गेला.

चौदावीपर्यंत बघितल्यावर बारा पुऱ्या झाल्या. बारा लाल दोऱ्या बांधून झाल्यावर मी सुई पुसून, म्यानात घालून पपाला परत दिली. त्यानं ती खिशात ठेवली. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

उतरताना अर्धा रस्ता तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, सांग.

मी विचारलं, काय?

“पहिलीचा वास. कसा होता?”

मला वासाबद्दल कधी बोलावं लागलं नव्हतं. आमच्या धंद्यात छान म्हणतात किंवा नको म्हणतात. मी गाडी हळू केली. म्हटलं, आधी हेझलनट होतं, भाजून सोललेलं. मग गवत, पण कापलेलं नाही, माळ्यावर ठेवलेलं. अगदी शेवटी थोडं गोड, मम्मा चादरींच्या कपाटात वाळलेली सफरचंदं ठेवते ना, ते कपाट उघडल्यासारखं.

कुठला कप्पा, त्यानं विचारलं.

खालचा.

त्यानं मान डोलावली. दुसरीचं विचारलं, तिसरीचं विचारलं. चौथीचंही विचारलं, आणि ते मला दोनदा सांगावं लागलं. मी सांगत होते आणि तो डोळे मिटून ऐकत होता, आणि या वेळी त्या मिटलेल्या डोळ्यांत नाटक नव्हतं. वळणावर अकेशियाचे घोस पुन्हा दिसले.

आणि आत्ता बाहेर कसला वास आहे, तो म्हणाला.

शेणखत, मी म्हटलं.

 मग त्याच्या खांद्यांना हसू आलं, आणि तिथून चेहऱ्यावर गेलं. येतानापण होतं का, विचारलं. मी म्हटलं, येताना ताजं होतं.

“आणि तू हो म्हणालीस.” त्यानं डोळे पुसले. “आईवर गेलीस.”

घरी आल्यावर मात्र त्यानं यातलं काही काढलं नाही, आणि आम्हीही नाही. दुकानात सुई त्याच्याच खिशात राहिली. फरक एवढाच, की गिऱ्हाइकानं मांडी मागितली की त्याला अचानक मागच्या खोलीत काम निघायचं आणि जाताना तो म्यान यंत्राशेजारी विसरून जायचा. मग रात्री घरी जाताना आठवणीनं उचलायचा. तो तेवीस तारखेला काय करणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती. मम्मानं दोनशे तोर्तेल्ली जास्तीचे केले. काळजी वाटली की तिचा हात थांबत नाही.

तेवीसला संध्याकाळी टेबलं लागली. घराघरांतून पांढऱ्या चादरी आल्या, घराघरांतून न जुळणाऱ्या खुर्च्या आल्या. पपानं स्वच्छ शर्ट घातला होता. तोर्तेल्लीची ताटं फिरली, फेसाळ लाल वाइन वाडग्यांत ओतली गेली, पोरं टेबलाखालून इकडून तिकडे गेली. मग मी आणि शेजारच्या दोघांनी मांडी आणून टेबलाच्या मधोमध ठेवली. ती पहिलीच होती, लाल दोरीची.

गल्ली हळूहळू शांत झाली.

पपा उठला. म्यान काढलं. निवेस त्याच्या समोरच बसली होती. तिनं वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, सावकाश रे एर्मेस, आम्हाला काही घाई नाही. ती असं कधी बोलत नाही. तिच्या तोंडून ते इतकं मऊ निघालं की मला भीतीच वाटली.

पपानं सुई खुपसली. काढली. आणि हात लांब करून माझ्यापुढे धरली.

“लवकर घे,” तो म्हणाला. “निघून जाईल.”

मी घेतली. नाकाखालून नेली. वास आला आणि गेला. साठ माणसं माझ्याकडे बघत होती आणि मग त्याच्याकडे.

पपानं टेबलाची कड धरली.

“जानेवारीपासून माझं नाक सुट्टीवर आहे,” तो म्हणाला. “या बारा वेलियानं निवडल्या. चांगल्या लागल्या तर तिला सांगा. वाईट लागल्या तर तिला सांगा. मला काही सांगू नका, मी म्हातारा झालोय.”

 कुठल्यातरी खिडकीत रेडिओ चालू होता तो कुणीतरी बंद केला.

“फेब्रुवारीत मी तुला खवट लोणी हुंगायला दिलं,” निवेस म्हणाली. “तू ताजं म्हणालास.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“मी कशाला बोलू? घरात बायको आहे, मुलगी आहे.” तिनं चमच्यानं आपल्या ताटातलं लोणी सारखं केलं. “शिवाय तेव्हापासून मी पाव किलो मागितलं तर तू तीनशे ग्रॅम घालत होतास. मी चार महिने बरी जेवले.”

सगळ्यांत आधी मम्मा हसली. मग टेबलाच्या त्या टोकाकडून आणखी कुणीतरी म्हणालं की तळघरात ओल नाही असं एर्मेसनं सांगितलं होतं आणि आता तिथे कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यात. कुणी म्हणालं, मी तर मार्चपासून बाटल्या दाखवायच्या सोडल्या. एकेकानं आपापलं गुपित काढून टेबलावर ठेवलं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच ठाऊक आहे. पपा उभाच होता. त्याचा चेहरा आधी पडला, मग लाल झाला, मग त्यानं खुर्ची ओढली आणि बसला, पाहुण्यांच्या घरातून परत येऊन माणूस आपल्या खुर्चीत बसतो तसा.

कापू का, मी विचारलं.

“तू विचारायचं नसतं,” तो म्हणाला. “तू सांगायचं असतं.”

कापा, मी म्हटलं.

“आणि?” तो म्हणाला.

मला कळलं त्याला काय हवं होतं. पण साठ माणसांसमोर मला लाज वाटली. मी त्याच्या कानाशी वाकले आणि हळू आवाजात सांगू लागले. हेझलनट तसंच आहे, म्हटलं, पण महिनाभरात गवत मागे गेलंय. कपाटाचा कप्पा खालचा राहिला नाही, मधला झालाय, जिथे मम्मा लोकर ठेवते. तो ऐकत होता. एक पातळ काप मी त्याच्या ताटात ठेवला, इतका पातळ की खालची नक्षी दिसत होती. त्यानं तो बोटांनी उचलला, दिव्याच्या उजेडाला धरला, तोंडात घातला.

मीठ बरोबर आहे, म्हणाला. मग बराच वेळ चावत राहिला.

मी सुई पुसली, म्यानात घातली आणि सवयीनं त्याच्यापुढे केली. त्यानं हात पुढे केला नाही. मी तशीच उभी. मम्मानं मागून माझ्या एप्रनला हात घातला आणि आतल्या बाजूची शिवण उलटून दाखवली. तिथे एक अरुंद खिसा होता, वीतभर खोल, दुहेरी टाक्यांचा. मी एप्रिलपासून तो एप्रन घालत होते आणि मला पत्ता नव्हता.

सुई त्यात बसली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक निवेस. तिनं कागदात गुंडाळलेलं लोणी माझ्यासमोर ठेवलं. मी उलगडलं, नाकाखालून नेलं आणि परत दिलं. ताजं आहे, म्हटलं.

मला ठाऊक आहे, ती म्हणाली, आजच घेतलंय. आणि पाव किलो मांडी मागितली. मी काटा बघून बरोबर पाव किलो दिली. तिनं पुडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या पडद्याकडे पाहून आवाज चढवला.

“एर्मेस, तुझ्या मुलीचं नाक चांगलं आहे, पण हात आखडता आहे.”

पडद्यामागून पपानं विचारलं, लोणी कसं होतं?

मी काप आवरत त्याला सांगू लागले.